झाडाला पाडलेली खिडकी

डोळे देवाने दिले, पण डोळ्यांना जे दिसतं ते कुणाच्या मालकीचं हे ठरवायचं काम त्याने समितीवर सोपवलं आहे. ज्या गावाला समिती नाही तिथली माणसं बिचारी नुसतीच बघतात. ग्रीब हिलची माणसं तशी नाहीत. सिएटलहून फेरीने पाण्यापलीकडे उतरलं की समोर जी टेकडी लागते ती ग्रीब हिल. तिच्यावर एकाखाली एक बसवलेल्या घरांना खाडी, पांढऱ्या-हिरव्या फेरीबोटी आणि त्यामागचा बर्फाचा रेनिअर डोंगर असं जे दिसतं त्याला 'व्ह्यू' म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचे अर्थ पुष्कळ. दिसतं तोही व्ह्यू आणि वाटतं तोही व्ह्यू. दुसऱ्या प्रकारचे व्ह्यू ग्रीब हिलच्या सभांमध्ये माणशी तीन-तीन मिळतात, पण त्यांना घर विकताना भाव येत नाही. म्हणून गावाने पहिल्या प्रकाराच्या रक्षणासाठी नियम केला, आणि नियमाच्या रक्षणासाठी समिती नेमली.

समितीने सर्वप्रथम प्रतवारी ठरवली. सोफ्यावर बसल्या जागी पाणी आणि डोंगर दोन्ही दिसले तर तो 'पूर्ण' व्ह्यू. दोन्हींपैकी एकच दिसलं तर 'अंशतः'. झाडाच्या पानांतून गाळून आला तर 'गाळीव'. न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर चढून, मान डावीकडे वाकडी करून मिळाला तर 'डोकावता' (घसरल्यास समिती जबाबदार नाही). आणि ज्या घरातून फक्त दुसऱ्यांची घरं, गाड्या आणि कचऱ्याचे डबे दिसतात, त्या घराला व्ह्यूच नाही असं म्हणणं दलालांच्या जिवावर येतं, म्हणून त्याला 'भूप्रदेशीय' व्ह्यू म्हणायचं ठरलं. एकूण काय, ग्रीब हिलवर व्ह्यू नसलेलं घर नाही. आंधळ्या भिंतीचं एक गॅरेज आहे, त्याच्यावर समितीचा विचार चालू आहे.

डोंगराची मात्र एक अडचण आहे. तो वर्षातले बहुतेक दिवस ढगांत असतो. ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी लोक दुकानात, फेरीच्या रांगेत एकमेकांना सांगतात, "आज डोंगर आलाय!" जणू इतर दिवशी तो रजेवर असतो. पण न दिसणाऱ्या गोष्टीचं रक्षण दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त कडक करावं लागतं, यावर समितीत कधी दुमत झालं नाही (देवाच्या बाबतीतही जगभर हीच पद्धत आहे).

या नियमाचा आणि सिग्नी टॉर्कलसनचा अनेक वर्षं काहीच संबंध आला नाही. तिचं घर खालच्या ओळीत. ती फेरीवरच्या उपाहारगृहात जन्मभर सूप आणि कॉफी विकून निवृत्त झालेली, आणि रोज चार वेळा खाडी ओलांडल्यामुळे खाडी बघण्याची हौस तिची केव्हाच फिटलेली. तिचा नवरा टॉरल्ड त्याच फेरीवर दोर बांधायचा. घर घेतलं त्या वसंतात त्याने मागच्या अंगणात, टेकडीच्या बाजूला, चेरीचं एक रोप लावलं. टॉरल्ड गेला. रोपाचं झाड झालं, माळ्याच्या खिडकीला टेकलं, आणि दर जुलैत निम्म्या ओळीला पुरतील एवढ्या चेऱ्या देत राहिलं. सिग्नी सकाळी कॉफीचा पेला घेऊन त्याच्याशी बोलायची. यात वेड लागल्याचं लक्षण काही नव्हतं. टॉरल्डही फारसं उत्तर द्यायचा नाही.

मग वरच्या ओळीतलं घर ब्रॅडन आणि कॅमिल व्हिटलॉक या तरुण जोडप्याने घेतलं. घर 'पूर्ण' प्रतीचं होतं आणि त्यांनी किंमतही पूर्ण प्रतीची मोजली होती. राहायला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की डाव्या कोपऱ्यात, जिथे फेरीचा धक्का दिसायला हवा, तिथे चेरीचा शेंडा आहे. म्हणजे तेवढा कोपरा गाळीव. ब्रॅडन वाइनची बाटली घेऊन खाली आला.

"मिसेस टॉर्कलसन, राग मानू नका हं," तो म्हणाला, "पण तुमचं झाड आमच्या व्ह्यूच्या मध्ये येतंय."

"ते कुठं येतंय? ते इथंच आहे की, तुमच्या जन्माआधीपासून," सिग्नी म्हणाली. "आलाय तो तुमचा व्ह्यू. मागच्या सप्टेंबरात."

बाटली तिने ठेवून घेतली. प्रकरण समितीकडे गेलं.

समितीचे अध्यक्ष डॉक्टर हॉलिस प्रेंटिस हे निवृत्त दंतवैद्य. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण एकट्याने बोलायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा सराव समितीला फार उपयोगी पडला होता. नियमाप्रमाणे पाहणी वरच्या घरातल्या मुख्य सोफ्यावर बसून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून करायची असते. ते सोफ्यावर बसले, आणि त्यांना समोर टीव्ही दिसला. सोफ्याची पाठ खिडकीकडे होती. टीव्हीवर, कुणी काही लावलेलं नसताना आपोआप येतात ती चित्रं येत होती: एक तळं, एक बर्फाचा डोंगर, परत एक तळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एखादा हलक्या बुद्धीचा माणूस म्हणाला असता. डॉक्टरसाहेब सोफ्यावर उलटे गुडघे टेकून बसले, त्याच्या पाठीवर हनुवटी ठेवली आणि तिथून पाहणी पूर्ण केली.

सभेत सिग्नीने हाच मुद्दा काढला. "अहो डॉक्टर, ते बघतच नाहीत बाहेर! तोंड भिंतीकडे करून बसतात."

"व्ह्यू मालकीचा असतो, मिसेस टॉर्कलसन. वापरायचा की नाही हा मालकाचा प्रश्न," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या तोंडात बत्तीस दात आहेत. सगळ्यांनी चावता का?"

सिग्नीच्या तोंडात बत्तीस नव्हते, आणि ते डॉक्टरांनाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. 

समिती निर्दय नाही. झाड तोडा असं ती कधी म्हणत नाही. तिने 'खिडकी पाडणे' हा उपाय सांगितला. हा ग्रीब हिलवरचा जुना आणि प्रतिष्ठित उपाय आहे. झाड उभंच राहतं, फक्त त्याच्या मधोमध एक भोक पाडतात आणि त्यातून वरच्या घराची नजर जाते. टेकडीवर अशी भोकाची बरीच झाडं आहेत. वारा सुटला की ती शिट्ट्या वाजवतात, आणि पक्षी गोंधळतात. पण पक्ष्यांनी आजवर एकही अर्ज केलेला नाही.

माणूस आला, दोर बांधून चेरीवर चढला आणि करवत चालू केली. सिग्नी स्वयंपाकघरात गेली आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून तिने नळ पूर्ण सोडला. मग त्या नळासमोर उभी राहून ती रडली. तिला वाटलं, टॉरल्डच्याच छातीला कुणीतरी भोक पाडतंय आणि आपण भांडी विसळत उभ्या आहोत.

काही दिवस ती मागच्या अंगणात गेलीच नाही. मग एका संध्याकाळी, नुकसान वरून कसं दिसतं ते बघावं म्हणून माळ्यावर चढली आणि टॉरल्डच्या जुन्या खुर्चीत खिडकीपाशी बसली. भोक बरोबर समोर होतं. करवतवाल्याने काम चोख केलं होतं. त्यातून वरच्या घराचा दिवाणखाना, भिंतभर काचेतून, दिव्यांच्या उजेडात, सोफ्यापासून फळांच्या परडीपर्यंत स्वच्छ दिसत होता. दृष्टी जिथून येते तिथे परतही जाऊ शकते, ही गोष्ट नियम करताना कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

आत ब्रॅडन जमिनीवर बसून एक फडताळ जोडत होता. उलटं जोडत होता. कॅमिल त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. सिग्नीने हे सगळं शेवटपर्यंत पाहिलं. खाली आली तेव्हा तिचं सूप आटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या रूबेन ओकामोटोला वर नेलं. रूबेन कालवांच्या शेतीतून निवृत्त झालेला, आणि ओहोटीची वाट बघत बसण्यात आयुष्य गेल्यामुळे त्याच्याइतका धीराचा प्रेक्षक ओळीत दुसरा नव्हता.

"अगं सिग्नी, हे तर आपल्या टीव्हीपेक्षा बरं," तो म्हणाला. "आणि मध्ये जाहिराती नाहीत."

"तो खालची फळी उलटी लावतोय बघ अजून."

"लावू दे. शिकेल. नाहीतर बायको शिकवेल."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी म्हण आहे. खालच्या ओळीची माणसं वाकली नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं. ती घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आली आणि ताठ बसली. दिवस लहान झाले, चारलाच अंधार पडू लागला, वरच्या घरात दिवे लवकर लागू लागले, आणि सिग्नीच्या माळ्यावर जागा अपुरी पडू लागली. कुणी सूप आणायचं, कुणी पाव. सिग्नी शीतपेटीत ठेवलेल्या चेऱ्यांचे 'पाय' (म्हणजे आत फळं भरून भट्टीत भाजलेली जाड गोड पोळी; तंगडीशी संबंध नाही) भाजायची. ज्या दिवशी व्हिटलॉक बाहेर जेवायला जात त्या दिवशी लोक हिरमुसत. घरात असले की दुकानात निरोप फिरायचा, "आज व्हिटलॉक आलेत!" मधे एकदा तीन दिवस आकाश कोरडं ठणठणीत होतं, डोंगर पायथ्यापासून शेंड्यापर्यंत गुलाबी होऊन उभा होता. माळ्यावरच्या सगळ्या खुर्च्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या.

खरं सांगायचं तर टॉरल्ड गेल्यापासून त्या घरात एवढी माणसं पहिल्यांदाच हसत होती. सिग्नीला ते फार हवंहवंसं वाटत होतं, आणि ते झाडाला पडलेल्या भोकातून आलंय याची तिला लाजही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटायचं. मग ती आणखी एक पाय भाजायची.

भांडं फुटलं ते फडताळामुळेच. पाच आठवड्यांनी ते एकदाचं उभं राहिलं, ब्रॅडनने हात वर केले, आणि माळ्यावरून टाळ्या पडल्या. रूबेनने आनंदाच्या भरात टॉर्चही हलवला. कॅमिल खिडकीशी आली. झाडाच्या भोकात तिला दहा-बारा डोकी आणि एक पायची थाळी दिसली.

दुसऱ्या दिवशी व्हिटलॉकांनी पडदे लावले. जाड, राखी रंगाचे.

आता इथे नियम उघडून बघायला हवा. त्यात म्हटलं आहे, की एकदा लाभलेला व्ह्यू कुणालाही झाड, कुंपण, बांधकाम किंवा कापड यांनी अडवता येणार नाही. 'कापड' हा शब्द पूर्वी कुण्या बाईच्या वाळत घातलेल्या चादरींवरून सभा चांगली तापल्यावर घालण्यात आला होता. व्ह्यू म्हणजे पाणी किंवा डोंगरच असला पाहिजे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट दुसऱ्यांची घरं हाही व्ह्यूच, हे समितीने दलालांच्या सोयीसाठी आधीच मान्य केलेलं. रूबेनने हे माळ्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. सिग्नी म्हणाली, "नको रे, बरं दिसणार नाही." रूबेन म्हणाला, "काहीच दिसणार नाही, हाच तर मुद्दा आहे." अर्ज गेला.

डॉक्टर हॉलिस पाहणीला आले. पडदे तेवढ्यापुरते उघडायला लावले होते. ते टॉरल्डच्या खुर्चीत नियमाप्रमाणे बसले आणि डोळ्यांची उंची जुळवली. वर ब्रॅडन आणि कॅमिल कपबश्या कुठल्या खणात ठेवायच्या यावरून वाद घालत होते. डॉक्टर पाच मिनिटांसाठी आले होते. तासाभराने त्यांनी पायचा दुसरा तुकडा मागून घेतला आणि म्हणाले, "घाईने निर्णय देणं योग्य नाही. मी उद्या परत येतो."

परवाही आले. मग निकाल दिला: भूप्रदेशीय व्ह्यू, उत्तम दर्जा, अडथळा तातडीने काढावा.

ब्रॅडन सभेत उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. "डॉक्टर, अहो ते आमच्या घरात बघतात!"

"तुम्ही त्यांच्या झाडातून बघता."

"मग आम्ही राहायचं कसं?"

"डोंगर राहतो तसं," डॉक्टर म्हणाले. "त्याने कधी तक्रार केली आहे का?"

"तो महिनोन्महिने ढगांत असतो!"

"ढग हा निसर्ग आहे. पडदा हे कापड आहे. पुढचा विषय."

पडदे उतरले. व्हिटलॉक हळूहळू बघितले जाणाऱ्या माणसांसारखे राहू लागले. घर आवरलेलं दिसू लागलं. जेवणात पालेभाजी वाढली. ब्रॅडन हातात जाडजूड पुस्तक धरून बसू लागला (खालच्या ओळीच्या निरीक्षणानुसार फेब्रुवारीभर त्याने पान उलटलं नाही). तो घरी नसला की कॅमिल मोजे घालून एकटीच नाचायची, मग एकदम आठवण होऊन थांबायची आणि खिडकीकडे बघायची. माळ्यावर दोन पक्ष पडले, एक कॅमिलचा, एक ब्रॅडनचा. ती हल्ली त्याच्याशी बोलत नाही, असं एक पक्ष म्हणे. तो ऐकतच नाही तर बोलून काय करेल, असं दुसरा.

मग मार्च उजाडला. चेरीला जिथे जखम होते तिथूनच ती सगळ्यांत जोमाने फुटते. भोकाच्या काठाभोवती लाल कोंब आले आणि आठवडाभरात सरळ काठ्यांसारखे वाढू लागले. ब्रॅडन परत एकदा खाली आला. या खेपेला बाटली नव्हती.

"मिसेस टॉर्कलसन, झाड वाढू द्या," तो म्हणाला. "आम्ही आमचा अर्ज मागे घेतो. धक्का नको, फेरी नको. तुम्ही फक्त कापू नका."

"कापणारी मी? त्या झाडासाठी मी सभेत भांडले होते बाबा."

"म्हणून तर सांगतोय."

तो गेल्यावर ती माळ्यावर चढली. रूबेनने आधीच आपली लांब दांड्याची कातरी माळ्यावर आणून ठेवली होती. "व्ह्यू आता तुझा आहे, तो राखायचं कामही तुझंच," तो म्हणाला. "टोकं मारलीस की पुरे. झाडाला कळणारसुद्धा नाही." सिग्नीने पहिल्या दिवशी एक टोक मारलं. झाडाला कळलं की नाही कोण जाणे, तिला कळलं. त्या सकाळी ती कॉफीचा पेला घेऊन अंगणात गेली नाही. तरी पुढच्या आठवड्यात तिने आणखी दोन मारली, कारण माणसं येणार होती आणि पाय भाजून झाला होता.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी माळा भरलेला होता. चेरीला फुलं लागली होती. वर दिवाणखान्यात दिवे होते. दारापाशी एक मोठी बॅग उभी होती, ती ब्रॅडनची की कॅमिलची ते ओळखू येत नव्हतं. दोघं समोरासमोर उभे होते. कॅमिल बोलत होती, आणि ब्रॅडन हिवाळ्यापासून पहिल्यांदाच ऐकत होता. इतक्यात त्यांच्या दारावरची घंटा वाजली असावी, कारण दोघांनी एकदम तिकडे पाहिलं. कॅमिलने दार उघडलं. बाहेर कुणीतरी उभं होतं. आणि नेमका तिथे, त्या चेहऱ्यावर, फुलांनी लगडलेला एक कोंब आडवा आला.

"कोण आहे?" डॉक्टर हॉलिस खुर्चीतून उठले.

"सिग्नी, मार ते!" रूबेन म्हणाला. "एकच! लवकर!"

सिग्नीने खिडकी उघडली, कातरी बाहेर काढली आणि पाती कोंबाच्या दोन्ही बाजूंनी लावली. कोंब बोटाएवढाही जाड नव्हता.  तिला तो नळ आठवला, आणि आपण विसळलेली भांडी.

तिने कातरी आत ओढली, खिडकी लावली आणि म्हणाली, "पाय गार होतोय. खाली चला सगळे. व्ह्यू मी सोडला."

मे महिन्यात पानं दाट झाली आणि भोक भरून आलं. डॉक्टरांनी व्ह्यू स्वेच्छेने सोडल्याची नोंद करताना अशी घटना समितीच्या इतिहासात पहिलीच असल्याचं म्हटलं, आणि मग खालच्या आवाजात सिग्नीला विचारलं, दारात कोण होतं ते तिला तरी दिसलं का. माणसं माळ्यावरून खालच्या मजल्यावर आली आणि सवयीने येतच राहिली. सिग्नी सकाळी पुन्हा झाडाशी बोलते.

दारात कोण होतं, बॅग कुणाची होती, ती बाहेर गेली की परत आत आली, हे या कथेच्या कक्षेत येत नाही. व्हिटलॉक दोघं दुकानात बरोबर दिसतात का, असं तुम्ही विचारणार होतात. तेही येत नाही. मध्ये झाड आहे, आणि ते वाचलेलं तुम्हालाही हवंच होतं. पानंपानं तुम्ही त्या म्हातारीच्या बाजूने होतात. फक्त तो फुलांचा कोंब आडवा आला तेव्हा तुम्ही मनातल्या मनात "काप की बाई एकदाचं" असं म्हणालात, ते माळ्यावर सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.